काचबिंदूचीही मोजदाद हवी

‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की बघू’ असे म्हणत कितीतरी वडीलधारी माणसे वर्षानुवर्षे अंधूक नजरेने वावरतात. हा सल्ला एके काळी योग्य होता, आज नाही. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगे देशातच बनवून ती गरिबाच्या आवाक्यात आणली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी सरकारी छपराखालीही हे काम किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, ते दाखवून दिले. रोजच्या कामात नजरेची अडचण होऊ लागली की शस्त्रक्रिया करावी, इतका साधा निकष आता पुरतो. उलट मोतीबिंदू फार पिकू दिला तर नैसर्गिक भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि दृष्टीच्या नसेला इजा होते.

पण ‘पिकू दे’ या सल्ल्याचा खरा बळी वेगळाच आहे. ज्याला घरचे मोतीबिंदू समजतात, तो कधी कधी काचबिंदू असतो. त्यात मेंदूकडे दृश्य नेणारी नस हळूहळू मरते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर आधी जाते आणि मधली बराच काळ शाबूत राहते. बाजूने येणारी दुचाकी दिसली नाही, तर माणूस वयाला दोष देतो. गेलेली नजर मात्र कोणतीही शस्त्रक्रिया परत आणत नाही. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू आढळलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना तो असल्याचे ठाऊकच नव्हते.

२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६ टक्क्यांहून अधिक, तर काचबिंदूचा साडेपाच टक्के निघाला. या आकड्यांवरून प्राधान्य ठरवणे सोपे आहे, पण अपुरे आहे. पहिल्या गटातील बहुतेकांना पुन्हा दिसू शकते, दुसऱ्यातल्या कोणालाही नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठरते, त्यांची मोजदाद होते. वेळीच सापडलेला काचबिंदू मात्र कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. म्हणून मोतीबिंदूच्या प्रत्येक शिबिरात चाळिशीपुढच्या माणसाच्या डोळ्यातला दाब मोजला जावा आणि नसही पाहिली जावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. दाब मोजून थांबणे पुरेसे नाही, कारण दाब ठीक असतानाही काही जणांची नस झिजते.

निदानानंतरची वाट आणखी अवघड. दाब कमी ठेवणारे थेंब जन्मभर घालायचे असतात. पैसे संपले किंवा डोळा बरा वाटला की ते बंद होतात. इथे लेझर मोलाचा आहे. डोळ्यातले पाणी जिथून झिरपून बाहेर जाते, त्या जाळीवर काही मिनिटांत सौम्य लेझर देता येतो. पाणी बाहेर जाण्याचा कोन उघडा असलेल्या काचबिंदूत आणि वाढलेल्या दाबात आधी लेझर दिलेल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षे थेंबांशिवाय राहता आले, असे ब्रिटनमधील लाइट चाचणीने २०१९ मध्ये दाखवले. मजुरी बुडवून दर महिन्याला औषधाच्या दुकानात जावे लागणाऱ्या माणसासाठी हा फरक किती मोठा असेल! आपल्याकडे कोन बंद होणारा काचबिंदूही पुष्कळ आढळतो; त्यात बाहुलीभोवतीच्या पडद्याला लेझरने बारीक छिद्र पाडून धोका टाळता येतो. हे लेझर जिल्हा रुग्णालयात असावेत, आणि ज्यांना थेंब लागतातच त्यांना ते तालुक्याला मोफत मिळावेत.

आणखी एक काम तर जवळपास बिनखर्चाचे आहे. डोळा लाल झाला, खाज सुटली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना स्टेरॉइडचे थेंब आणले जातात. ते दीर्घकाळ घातल्याने लहान मुलांनाही काचबिंदू होऊ शकतो. चिठ्ठीचा नियम आहेच. अन्न व औषध प्रशासनाने तो दुकानाच्या काउंटरवर पाळला जातो की नाही, हे आता तपासावे.