गर्भिणीचा रक्तदाब

चरकानें गर्भिणीस तेलानें काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणें जपावयास सांगितलें आहे. आमच्या घरांतून मात्र तिची डोकेदुखी ‘पित्त’ म्हणून सुंठीवर भागते! विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर गेला, तर लघवींतील प्रथिनें तपासलींच पाहिजेत. दरमहा ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भिणींची तपासणी २०१६ पासून विनामूल्य होते. डोकें ठणकून डोळ्यांपुढें अंधारी आली किंवा बरगड्यांखालीं कळ निघाली, तर आकडी केव्हांही येऊं शकते. लोणार-मेहकराहून बुलढाणा जवळ नाहीं. तेव्हां वडील मंडळींच्या अनुमतीसाठीं न थांबतां १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, असें आम्ही वडील मंडळींसच सांगतों. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशीं दाब पुन्हां चढूं शकतो, आणि नेमकी तेव्हांच घरांत पाचवीच्या पूजेची गडबड असते.