अरुंद नजरेचा पहारा

अलिबागहून रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरुडकडे जाणारा रस्ता काशीदला पोहोचतो तेव्हा त्याच्या पश्चिमेस सुरूची झाडे, त्यांच्यापलीकडे वाळू आणि समुद्र, तर पूर्वेस फणसाडच्या अरण्याकडे चढत जाणारे डोंगर, अशा दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत गावची जुनी घरे, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मुंबई-पुण्याच्या लोकांनी अलीकडे बांधलेले बंगले वसलेले दिसतात. यांतील पुष्कळ बंगले शनिवार-रविवारी गजबजलेले आणि उरलेले दिवस राखणदाराच्या भरवशावर बंद असल्यामुळे, फाटकापासून घरापर्यंतच्या गाडीवाटेवर कॅमेरा असावा की नसावा हा प्रश्न येथे आता फारसा कोणी विचारीत नाही. तो कोणत्या कंपनीचा घ्यावा, एवढेच विचारतात. मला हा प्रश्न उलट्या क्रमाने विचारला जातो असे वाटते. प्रथम जागा ठरावी, जागेवरून भिंग ठरावे, आणि कंपनीचा विचार सर्वांत शेवटी व्हावा.

कारागीर येतो, शिडी लावतो, विजेचा बिंदू ज्या वळचणीखाली हाताशी असेल तेथेच कॅमेरा ठोकतो, आणि मोबाईलवर फाटक, विहीर, बाग, रस्ता व समुद्राची एक पट्टी असे सारे एकाच चित्रात दिसू लागले की घरमालक संतुष्ट होतो. हा संतोष दिवसाउजेडी आणि काही घडलेले नसतानाच टिकणारा आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० बिंदू असतात, आणि २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे १०० अंशांचा कोन व्यापते. म्हणजे घरापासून २० मीटरवर असलेल्या फाटकापाशी तो कॅमेरा जवळजवळ ४८ मीटर रुंदीचा पट्टा पाहतो, आणि एका मीटरच्या वाट्याला अवघे ४० बिंदू येतात. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याला सहा-सात बिंदू मिळतात. गाडीची लांबट नंबरपाटी ५०० मिलिमीटरची. तिच्यावरच्या प्रत्येक अक्षराला दोन बिंदूंहून अधिक मिळत नाहीत, आणि दोन बिंदूंत कोणतेही अक्षर मावत नाही. या विषयातील आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कोणीतरी आले एवढे कळण्यास मीटरला २५ बिंदू पुरतात, परिचिताला ओळखण्यास १२५ लागतात, आणि अनोळखी माणसाची निःसंशय ओळख पटवायची तर २५०. वळचणीवरचा तो कॅमेरा तेव्हा कोणीतरी आले होते एवढीच साक्ष देईल, आणि तेवढी साक्ष राखणदारही देतो.

ज्या किनाऱ्यावर आपण राहतो त्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर मिळून गेलेले आहे. सिद्दीच्या जंजिऱ्यावर वचक ठेवायचा तर दूरच्या डोंगरावरून त्याकडे पाहत राहणे शिवाजी महाराजांनी पुरेसे मानले नाही. मुरुडसमोरच्या कासा खडकावर पद्मदुर्ग उभारून त्यांनी पहारा खुद्द शत्रूच्या दारात नेला. घराच्या पहाऱ्यालाही हाच न्याय लावावा. फाटकापासून सहा-सात मीटरवर, वाटेच्या कडेला चिऱ्याचा एक खांब बांधावा आणि त्यावर सहा मिलिमीटरच्या भिंगाचा कॅमेरा फाटकाकडे रोखावा. त्याचा कोन सुमारे ५० अंशांचा असतो, फाटकापाशी तो साडेसहा मीटरचा पट्टा पाहतो, आणि त्याच दोन मेगापिक्सेलांतून मीटरला २९० च्या आसपास बिंदू हाती येतात. घरापाशी अंगण पाहण्यासाठी रुंद भिंगाचा दुसरा कॅमेरा असण्यास हरकत नाही. परंतु पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते असतील तर तो फाटकाचाच घ्यावा.

दिशेचा विचार काशीदला विशेष महत्त्वाचा आहे, आणि शहरातून आलेला कारागीर तो सहसा करीत नाही. रस्ता पश्चिमेस असल्यामुळे येथील बहुतेक फाटके पश्चिमाभिमुख असतात. घरावरून फाटकाकडे पाहणारा कॅमेरा साहजिकच समुद्राकडे पाहतो, आणि पर्यटकांच्या गाड्या गावात शिरण्याची जी सायंकाळची वेळ, नेमक्या त्याच वेळी मावळता सूर्य त्याच्या भिंगात उतरून येणारा प्रत्येक माणूस काळी आकृती होऊन जातो. उजेड व सावली सावरून घेण्याची जी युक्ती डब्ल्यूडीआर या नावाने कॅमेऱ्यात असते तिचा उपयोग आहे, पण समोरच्या सूर्यापुढे तिची मात्रा फारशी चालत नाही. तस्मात् खांब वाटेच्या दक्षिण बाजूस घेऊन कॅमेऱ्याची दृष्टी शक्य तितकी उत्तरेकडे वळवावी. त्या दिशेने सूर्याचा उपद्रव वर्षभरात सर्वांत कमी होतो. उंची अडीच मीटरची असावी. हात पोहोचू नये म्हणून तो पाच मीटरवर चढविण्याचा आग्रह धरणारे भेटतात. परंतु तेथून सहा-सात मीटरवरच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा कोन जवळजवळ २८ अंशांचा होतो, आणि समुद्रावर येणारा प्रत्येक जण टोपी घालतो. नारळाच्या किंवा सुरूच्या खोडावर कॅमेरा बांधू नये. खोड वाऱ्याने डोलते, आणि चित्रातील प्रत्येक हालचालीची वर्दी मोबाईलवर येऊ लागली की दोन दिवसांत मालक ती वर्दीच बंद करून टाकतो.

रात्रीच्या नंबरपाटीचे प्रकरण वेगळे आहे. नव्या पाट्यांचा पृष्ठभाग प्रकाश आल्या वाटेने परतविणारा असल्याने कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यासमोर ती पाटी पांढऱ्या पत्र्यासारखी चमकते, आणि गाडीचे दिवे उरलेले चित्र धुऊन काढतात. शिवाय अंधारात कॅमेरा आपली पापणी सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत उघडी ठेवतो. तेवढ्यात ताशी १० किलोमीटर वेगाने वळणारी गाडी ११ सेंटिमीटर सरकते, आणि पाटीवरचे अक्षर उंचीने असते ६५ मिलिमीटर. पाटी वाचायचीच असेल तर त्यासाठी स्वतंत्र कॅमेरा ठेवून त्याचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागावर कायम करावा; चेहरा आणि पाटी ही दोन्ही कामे एकाच कॅमेऱ्याकडून रात्री होत नाहीत.

आता खाऱ्या वाऱ्याविषयी. खोक्यावर आयपी ६६ किंवा ६७ असे आकडे असतात. त्यांतील पहिला सहा धूळ आत न शिरण्याची हमी देतो, दुसरा आकडा पाण्याच्या झोताची किंवा बुडण्याची. मिठाविषयी दोन्ही मौन पाळतात. किनाऱ्यावर कॅमेऱ्याचा घात होतो तो स्क्रूंच्या, कंसांच्या आणि विशेषतः तारेच्या जोडाच्या मार्गाने. कवच शाबूत असते आणि आतील तांब्याची टोके हिरवी पडलेली असतात. म्हणून स्क्रू व पट्ट्या ३१६ प्रतीच्या गंजरोधक पोलादाच्या मागाव्यात, तारेचा जोड बंद पेटीत, पेटीचे तोंड खाली आणि जोडावर वीजरोधक ग्रीस, अशी तरतूद करावी. भिंगावर साचणारी मिठाची पुटे कोरड्या फडक्याने कधीही पुसू नयेत, कारण कणांनी काच ओरखडते. आधी गोडे पाणी ओतावे, मग मऊ कापड लावावे. दुसरा उपद्रव कोळ्यांचा. कॅमेऱ्यातील दिव्याकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि त्याचे जाळे रात्री भिंगासमोर पांढरे पेटते. त्यावर उपाय एकच: कॅमेऱ्यातील दिवा बंद करून निराळा दिवा हातभर दूर लावावा.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर चढले, तेव्हा मुरुड-श्रीवर्धनकडील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे विजेवाचून राहिली, हे आम्ही पाहिले आहे. तशा प्रसंगी कोणताही इन्व्हर्टर पुरा पडणार नाही. परंतु पावसाळ्यात नित्य जाणाऱ्या विजेसाठी कॅमेरा, चित्रण साठविणारे यंत्र आणि इंटरनेटची पेटी ही तिन्ही इन्व्हर्टरवर असणे, आणि मृगापूर्वीच्या गडगडाटासाठी तारेला अर्थिंग असणे, आवश्यक आहे. साठवणीचा हिशेब सोपा आहे: सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २२ जीबी भरतो, आणि एक टीबीची डिस्क त्याला दीड महिना पुरते. महिन्याकाठी एकदा येणाऱ्या मालकाला याहून कमी साठवण उपयोगाची नाही.

येथवर जे अरुंद भिंग मी केवळ प्रकाशशास्त्राच्या आधारे मागितले, तेच शेजारधर्मही मागतो, आणि मला या लेखात मुख्यत्वे हेच सांगावयाचे आहे. काशीदच्या वाड्यांतून पायवाटा जातात. त्यांवरून विहिरीवर जाणारी बाई, मासळीची पाटी घेतलेली कोळीण, शाळेत निघालेल्या मुली रोज चालत असतात, आणि परक्या बंगल्याच्या भिंतीवरून आपले येणे-जाणे मुंबईतील कोणाच्या मोबाईलवर उमटावे यास त्यांची संमती कोणीही घेतलेली नसते. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तथापि शेजारणीची कुचंबणा ओळखण्यासाठी आपल्याला निर्णयाची वाट पाहावी लागू नये. आपल्या हद्दीबाहेरचा जो भाग चित्रात अपरिहार्यपणे येत असेल तो काळा करून टाकण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते; ती वापरावी आणि शेजाऱ्याला घरी बोलावून ते चित्र दाखवावे. भाऊबंदांच्या सामाईक अंगणात तर त्यांच्या होकारावाचून कॅमेरा लावूच नये. कोलकात्यातील एका घराच्या राहत्या भागात सहनिवाशाच्या संमतीवाचून कॅमेरे चालविता येणार नाहीत, हा तेथील उच्च न्यायालयाचा निर्णय मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला.

चोरी झालीच तर चित्रण पुरावा म्हणून उभे राहिले पाहिजे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनपूर्वी दाखल झाले की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीतील चित्रणावर येऊन ठेपला. आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच हजर केले नाही तर नकलेसोबत कायद्याने ठरविलेला दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तात्पर्य, फिर्याद देताना मोबाईलवर पाठविलेल्या तुकड्यावर विसंबू नये. यंत्र बंद करून जसेच्या तसे ठेवावे, त्याचे घड्याळ आधीपासून बरोबर असावे, आणि पंचनाम्यात यंत्राचा क्रमांक लिहवून घ्यावा.

कंपनीचा प्रश्न आता थोडक्यात सुटतो. केंद्र सरकारने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक अटी घालून ९ एप्रिल २०२५ पासून त्यांची तपासणी सक्तीची केली आहे. त्या अटींत बसणारा कॅमेरा घ्यावा आणि कारखान्याने दिलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा. वाचकांना एकच विनंती आहे: कॅमेरा बसेल त्याच रात्री आपली गाडी दिवे लावून फाटकातून आत आणावी, घरातील कोणालातरी टोपी घालून तिच्यामागून चालवावे, आणि चित्रणात चेहरा, आणि पाटीसाठी स्वतंत्र कॅमेरा घेतला असेल तर नंबरही, ओळखता आल्याखेरीज कारागिराचा हिशेब चुकता करू नये.