विश्लेषण : मोझांबिकच्या रक्षणाला रवांडाचे सैन्य का? सोलापूरच्या तूर बाजाराशी त्याचा संबंध काय?

सोलापूर, बार्शी किंवा दुधनीच्या बाजार समितीत तुरीचे सौदे सुरू झाले, की 'यंदा बाहेरची तूर किती आली?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. या बाहेरच्या तुरीतला मोठा वाटा मोझांबिकचा असतो. त्या देशाच्या उत्तर भागात २०१७ पासून रक्तपात सुरू आहे आणि तो आवरण्याचा मोठा भार रवांडा या दुसऱ्या आफ्रिकी देशाच्या सैन्याने उचलला आहे. हे लष्करी सहकार्य नेमके काय आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या?

संघर्ष कशामुळे पेटला?

काबो डेल्गाडो हा मोझांबिकचा टांझानियाला लागून असलेला प्रांत. जमिनीत माणिकांच्या खाणी, समुद्राखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे. तरीही देशातील सर्वांत गरीब भागांपैकी एक. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ दा प्राया या बंदराच्या शहरात पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले. हल्लेखोरांनी पुढे 'इस्लामिक स्टेट'शी निष्ठा जाहीर केली. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी हे शहरच ताब्यात घेतले. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि शेजारचा सुमारे २० अब्ज डॉलरचा वायू प्रकल्प फ्रान्सच्या टोटलएनर्जीज कंपनीने थांबवला. आजवर हजारो लोक मारले गेले, तर लाखोंना घरदार सोडावे लागले.

रवांडाच का?

मोझांबिकने आधी रशियाच्या 'वॅग्नर'चे भाडोत्री सैनिक आणले, नंतर दक्षिण आफ्रिकेतील एका खासगी कंपनीची मदत घेतली. दोन्ही प्रयोग फसले. जुलै २०२१ मध्ये रवांडाने एक हजार सैनिक व पोलीस पाठवले. सोलापूर आणि पुणे जिल्हे एकत्र केले, तर त्याहूनही लहान भरेल असा हा देश. मोझांबिकशी त्याची सीमाही लागत नाही. मात्र १९९४ च्या नरसंहारानंतर त्याने शिस्तबद्ध सैन्य उभे केले आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांत स्थान मिळवले.

महिनाभरात, ८ ऑगस्ट २०२१ रोजी, दोन्ही देशांच्या सैन्यांनी मोसिंबोआ दा प्राया परत मिळवले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिका विभागातील देशांच्या 'सॅडेक' संघटनेचीही फौज आली होती. ती जुलै २०२४ पर्यंत माघारी गेली. रवांडाने मात्र आपले बळ वाढवले.

खर्च कोण उचलतो?

खरी मेख इथेच आहे. युरोपीय संघाने रवांडाच्या या मोहिमेसाठी २०२२ आणि २०२४ मध्ये प्रत्येकी दोन कोटी युरोची मदत मंजूर केली. दुसऱ्या वेळी त्यावर बरीच टीका झाली. कारण शेजारच्या काँगोमध्ये 'एम-२३' बंडखोरांना रवांडाचे सैन्य साथ देत असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटले आहे. रवांडा हा आरोप फेटाळतो. पण काँगोच्या वादातून रवांडावर निर्बंधांचा फास आवळला गेला, तर त्याची झळ काबो डेल्गाडोलाही बसू शकते.

शहरे परत मिळाली, तरी बंडखोर संपलेले नाहीत. ते लहान टोळ्यांत विखुरले. सप्टेंबर २०२२ मध्ये तर लगतच्या नांपुला प्रांतातही हल्ले झाले.

भारताचे काय पणाला लागले आहे?

पहिली गोष्ट वायूची. थांबलेल्या प्रकल्पात तीन भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. त्यात मुख्यालय मुंबईत असलेल्या भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीचे १० टक्के आहेत. साडेचार वर्षे हा पैसा अडकून पडला. प्रकल्पावरील स्थगिती नोव्हेंबर २०२५ मध्ये उठली.

दुसरी गोष्ट तुरीची. मोझांबिककडून तूर घेण्याचा करार भारताने २०१६ मध्ये केला. पुढे वर्षाला दोन लाख टनांसाठी तो २०२५-२६ पर्यंत वाढवला गेला. तूर मुख्यतः झांबेझिया आणि नांपुला प्रांतांत पिकते, काबो डेल्गाडोत नव्हे. पण ती जहाजात चढवणारे नाकाला बंदर नांपुलातच आहे. त्यामुळे आग दक्षिणेकडे सरकली, तर पुरवठ्याला धोका संभवतो.

आयात थांबली तर आपल्या शेतकऱ्याचा फायदाच, असे वरवर वाटेल. अनुभव वेगळा आहे. पुरवठा अचानक तुटला की डाळ महागते, सरकार घाईने आयातीची दारे उघडते आणि तो माल पुढच्या हंगामात स्थानिक तुरीच्या भावावर बसतो. २०२५-२६ साठी क्विंटलला ८ हजार रुपये हमीभाव जाहीर झाला. तो बाजारात मिळायचा तर आयात किती आणि कधी, हे आधी ठाऊक असावे लागते. अनिश्चितता शेतकरी आणि ग्राहक दोघांनाही मारते.

भारताने काय करावे?

भारताने मोझांबिकला किनारा गस्तीसाठी वेगवान नौका दिल्या आहेत. पुण्याजवळच्या औंध लष्करी तळावर २०१९ आणि २०२३ मध्ये आफ्रिकी देशांच्या सैन्यांबरोबर संयुक्त सराव झाले. एप्रिल २०२५ मध्ये टांझानियाच्या किनाऱ्याजवळ झालेल्या नौदल सरावात मोझांबिकही होता. मात्र ३० टक्के वाटा असलेल्या देशाने एवढ्यावर थांबू नये. मोझांबिकचे स्वतःचे सैन्य आणि तटरक्षक उभे राहतील, असे दीर्घकालीन प्रशिक्षण हीच खरी मदत ठरेल.

रवांडाने मोझांबिकला उसंत मिळवून दिली, हे मान्य करायला हवे. पण शेजाऱ्याच्या बळावर गाव किती दिवस राखणार? वायूच्या पैशातून तिथल्या तरुणाला शाळा आणि रोजगार मिळाला नाही, तर बंडखोरांना नवी भरती मिळत राहील. मग कितीही परक्या फौजा आणल्या, तरी त्या अपुऱ्याच पडतील.