तिला तिच्याच मापाने मोजा

बराक ओबामा २००८ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांच्या आईला जाऊन तेरा वर्षं झाली होती. जगाला तिची ओळख ‘कान्सासची गोरी बाई’ एवढीच. टीकाकार म्हणाले, पोटच्या पोराला आजी-आजोबांकडे टाकून ती परदेशी हिंडत राहिली. चाहत्यांनी तिला त्यागमूर्ती केलं आणि मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला यातच तिच्या जन्माचं सार्थक मानलं. माझ्या मते दोघांचीही चूक एकच आहे: दोघांनीही तिला मुलाच्या मापाने मोजलं.

आधी आरोप पाहू. अ‍ॅन डनहॅमला होनोलुलूत १९६१ साली मुलगा झाला, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. केनियाहून शिकायला आलेला नवरा पुढच्याच वर्षी हार्वर्डला गेला आणि १९६४ मध्ये घटस्फोट झाला. पुढे इंडोनेशियाच्या लोलो सुतोरोशी लग्न करून १९६७ मध्ये ती बराकला घेऊन जकार्त्यात आली. तिथे आठवड्यातले पाच दिवस पहाटे चार वाजता त्याला उठवून ती इंग्रजी शिकवायची आणि मग स्वतः कामाला जायची. १९७१ मध्ये तिने त्याला होनोलुलूला पाठवलं ते चांगल्या शाळेसाठी, आणि ठेवलं स्वतःच्याच आईवडिलांकडे. लवकरच तीही तिथे येऊन मानववंशशास्त्र शिकू लागली. १९७५ मध्ये संशोधनासाठी ती पुन्हा इंडोनेशियात, जावाला निघाली, तेव्हा मागे राहायचं बराकनेच ठरवलं. याला ‘टाकणं’ म्हणत नाहीत. त्या ताटातुटीने मायलेकांना त्रास झाला, हे मी नाकारत नाही. पण बायकापोरांना कोकणात ठेवून मुंबईच्या गिरणीत राबलेल्या बापाला आपण कधी ‘पोरं टाकून गेला’ म्हटलं का? घरासाठी झिजला म्हणून त्याचं नाव आदराने घेतो. मग आईला वेगळा न्याय का?

आता स्तुतीकडे वळू. त्यागमूर्तीचं मखर दिसायला सुंदर, पण त्यात बसवलेल्या बाईला स्वतःचं काम उरत नाही. अ‍ॅनचं काम तर डोंगराएवढं होतं. योग्यकार्ताजवळच्या गुनुंग किडुल या कोरड्या, खडकाळ भागात काजार नावाचं लोहारांचं गाव आहे. तिथल्या लोहारशाळांत भात्यासमोर बसून तिने वर्षानुवर्षं टिपणं काढली: मोडीचं लोखंड कुठून येतं, कोळशाला किती पैसे पडतात, ऐरणीवर घण कोण मारतो, विळा-कोयता बाजारात कितीला जातो आणि त्यातलं लोहाराच्या हाती काय राहतं. त्यातून एक हजारांहून अधिक पानांचा प्रबंध उभा राहिला आणि १९९२ मध्ये हवाई विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली.

तिचं प्रतिपादन आजही धारदार आहे. जावाचा खेडूत गरीब राहतो तो त्याच्या वृत्तीमुळे, त्याला नफ्याची ओढच नाही, असं डच अर्थतज्ज्ञ बोएके सांगून गेले होते. अ‍ॅनने काजारचे हिशेब मांडून दाखवलं, की हा लोहार कुणाही व्यापाऱ्याइतकाच चोख हिशेबी आहे. त्याला उणीव आहे ती भांडवलाची. गरिबीचं खापर गरिबाच्या संस्कृतीवर फोडणाऱ्यांना यापेक्षा सज्जड उत्तर कोणतं? आणि ती लिहून थांबली नाही. फोर्ड फाउंडेशनमध्ये तिने कष्टकरी स्त्रियांसाठी काम केलं. पाकिस्तानात गुजराँवाला भागात कारागिरांच्या कर्जयोजनेवर ती राबली. बँक राक्यात इंडोनेशियाच्या छोट्या कर्जांच्या कार्यक्रमाची ती सल्लागार होती. ज्या विमेन्स वर्ल्ड बँकिंगच्या उभारणीत आपल्या इला भट्ट होत्या, तिथेही तिने न्यूयॉर्कला काम केलं. आपल्या बचत गटांतल्या बाया हीच गोष्ट अनुभवाने सांगतात: अक्कल आमच्याजवळ आहे, हात आहेत, अडतं ते पैशापाशी.

कर्करोगाने १९९५ मध्ये ती गेली, जेमतेम बावन्न वर्षांची होऊन. त्याच वर्षी ओबामांचं आत्मकथन आलं, ते दूर राहिलेल्या वडिलांच्या शोधाचं. आई जगणार नाही हे ठाऊक असतं तर कदाचित आयुष्यात कायम आधार राहिलेल्या आईचं पुस्तक लिहिलं असतं, अशी कबुली त्यांनी २००४ च्या आवृत्तीत दिली. मुलालाही आई नीट दिसायला वेळ लागला. तिचा प्रबंध तर २००९ मध्ये, मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, पुस्तकरूपाने आला. काजारच्या लोहारांवरचं ते संशोधन त्याआधी सतरा वर्षं तयार होतं.

त्या प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत तिने बराक आणि त्याची बहीण या आपल्या दोन्ही मुलांची नावं घातली आहेत. आई गावोगाव काम करत असताना त्यांनी दाखवलेल्या समजूतदारपणाचं ऋण तिने मानलं आहे. काम आणि माया तिने एकाच पानावर मांडली होती. त्यांची फाळणी केली ती आपण.