आवाज मागे राहतो, तेव्हा

आपल्या चंदगडसारख्या तालुक्याच्या गावीही आता गाणे रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागत नाही. मोबाईल, स्वस्तातला माईक, एखादे फुकटचे अ‍ॅप आणि घरातली एक शांत खोली एवढ्यावर काम भागते. अडचण येते ती जून ते सप्टेंबरात. इथला पाऊस पत्र्यावर वाजू लागला की माईकमध्ये दुसरे काही शिरतच नाही. तरीही मुले थांबत नाहीत. कुणी नात म्हणतो, कुणी कव्वाली, कुणी गझल, तर कुणी रॅप. घरच्यांना वाटते, पोरगा दार लावून मोबाईलवर वेळ घालवतोय. तो मात्र आपल्या परीने एक वस्तू तयार करत असतो.

अशा मुलाला अल्लाहने ऐन उमेदीत बोलावून घेतले, तर मागे राहिलेल्या त्या आवाजाचे काय करायचे? विषय जड आहे, पण टाळून चालणार नाही. ज्या घरांवर ही वेळ येते, तिथे चाळिसाव्याच्या आतच यावरून वाद होतात. कुणी म्हणते, सगळे पुसून टाका, मरहूमवर ओझे नको. अम्मी म्हणते, एवढाच तर आवाज उरलाय. दोघांचेही मन दुखावलेले असते आणि दोघांनाही मुलाचे भलेच हवे असते.

मुंबईच्या धर्मेश परमारचे उदाहरण अलीकडचे आहे. 'एमसी तोडफोड' या नावाने तो गुजरातीत रॅप करायचा. मराठी, हिंदी, गुजराती अशा आपापल्या बोलीत व्यवस्थेला प्रश्न विचारणाऱ्या 'स्वदेशी' या गटातला तो एक. आरेच्या जंगलातल्या वारली आदिवासींची बाजू प्रकाश भोईर यांच्या साथीने गाण्यातून मांडणारा हाच गट. २०१९ साली आलेल्या 'गली बॉय' चित्रपटातील 'इंडिया ९१' या गाण्यातही धर्मेशचा आवाज आहे. मार्च २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो अचानक गेला. त्याचा 'ट्रूथ अँड बेस' हा अल्बम नुकताच आलेला होता. आज त्याला कधीही न भेटलेली मुले त्याचे शब्द ऐकतात, कारण साथीदारांनी ते जपले आणि लोकांपुढे ठेवले.

त्याच्याही कितीतरी आधीचा मास्टर मदन. पंजाबातला हा मुलगा १९४२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी वारला. सागर निझामी यांच्या दोन गझला त्याच्या आवाजात आहेत. ज्यांच्या घरी उर्दूची गोडी आहे, त्यांनी त्या ऐकल्या असतील. बराच काळ लोकांना तेवढ्याच दोन ठाऊक होत्या. पुढे शौकिनांनी शोधून एकंदर आठ ध्वनिमुद्रणे जमवली. चौदा वर्षांचे आयुष्य आणि आठ ध्वनिमुद्रणांएवढा आवाज, पण ऐंशी वर्षांनंतरही तो ऐकणाऱ्याचा श्वास रोखून धरतो.

इंग्लंडच्या निक ड्रेकची हकीकत थेट घरातल्या रेकॉर्डिंगची आहे. १९७४ साली तो सव्विसाव्या वर्षी गेला, तेव्हा त्याचे तीन अल्बम निघाले होते आणि खपले मात्र फारच थोडे. त्याच्या वडिलांनी घरातल्या टेपरेकॉर्डरवर त्याचे आणि त्याच्या आईचे गाणे टिपून ठेवले होते. त्या टेपा कुणी रद्दीत घातल्या नाहीत. २००७ साली घरच्या त्या रेकॉर्डिंगचा अल्बम निघाला. त्याची बहीण गॅब्रिएल यांनी भावाच्या वारशाची जबाबदारी पुढे सांभाळली. हयातीत ज्याला श्रोते मिळाले नाहीत, त्याला जगभर श्रोते मिळाले, आणि त्यात घरच्यांनी जपल्याचाही वाटा आहे.

याची दुसरी बाजू आपल्या कोल्हापुरातच आहे. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ साली वारले. जयपूर-अत्रौली घराण्याचे हे प्रवर्तक, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज ऐकायला मिळत नाही. त्यांचे पुत्र मंजी खाँ १९३७ साली, गाणे ऐन बहरात असताना गेले. त्यांच्यापाशी मल्लिकार्जुन मन्सूर जेमतेम दीड वर्ष शिकले होते. धाकटे बंधू भुर्जी खाँ यांनी ती तालीम पुढे चालू ठेवली आणि मन्सूर यांनी ते गाणे १९९२ पर्यंत जिवंत ठेवले. उस्तादांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीत बसून अंतराळात गेला. उस्तादांचा स्वतःचा आवाज उरला नाही, त्यांची विद्या मात्र उरली. म्हणजे वारसा फक्त रेकॉर्डिंगचा नसतो. मरहूमने कुणाला काय शिकवले, हेही वारशातच मोडते.

हे सांगताना आमच्यासमोर ती प्रसिद्ध हदीस आहे, जिच्यात माणसाच्या मृत्यूनंतरही चालू राहणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांत जुना मतभेद आहे. तो निवाडा करणे आमचे काम नाही. प्रत्येक घराने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. आमचे म्हणणे एवढेच, की पुसलेले परत येत नाही. म्हणून दुःखाच्या भरात, पहिल्या दिवसांत, काहीही पुसू नये. लोकांसमोर असलेले काही खटकत असेल तर ते आधी खासगी करावे. ज्यात शिवीगाळ, अश्लीलता किंवा कुणाची बदनामी आहे ते काढून टाकावे. त्यात दुमत नसावे. बाकीचे शांतपणे ऐकावे. बऱ्याचदा त्यात आजीवरचे गाणे, गावाच्या पावसाचे गाणे, व्यसन सोडा म्हणणारे गाणे सापडते. मरहूमच्या चुका चघळू नयेत, त्याचे चांगले सांगावे, ही शिकवण आपल्याला आहेच.

आता व्यवहाराचे. मुलाची गाणी ही कायद्याने मालमत्ता आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो आणि तो वारसांकडे जातो. शरीयतच्या बाजूनेही, इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने १९८८ साली कुवेत येथे बौद्धिक हक्कांना माल म्हणून मान्यता दिलेली आहे. मग त्या उत्पन्नाला तरक्याचाच नियम लागतो: कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतली वसीयत, आणि मग वारसांचे हिस्से. अविवाहित मुलगा गेला आणि आईवडील हयात असले, तर आईला एक तृतीयांश मिळते. त्याला दोन किंवा अधिक भावंडे असतील तर आईचा हिस्सा एक षष्ठांश होतो. उरलेले वडिलांचे. 'यूट्यूबचे किरकोळ पैसे, त्यात काय वाटायचे' म्हणून अम्मीचा हिस्सा बुडवू नये.

यात कर्जाचा मुद्दा फार महत्त्वाचा. लॅपटॉप, माईक, हेडफोन बहुधा हप्त्यांवर घेतलेले असतात. मित्रांकडून उसने घेतलेले असते. ते आधी फेडले पाहिजे. तसेच गाण्यात इतरांचाही वाटा असतो. शब्द एकाचे, बीट दुसऱ्याचा, आवाज तिसऱ्याचा. बीट विकत घेतला होता की ठरावीक वापरापुरता भाड्याने, हे साथीदारांना विचारून लिहून ठेवावे. दुसऱ्याचा हक्क मारून मुलाचे नाव मोठे करण्यात बरकत नाही.

गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत मृत सदस्याच्या वारसांनाही नोंदणी करता येते. गाणी ज्या कंपनीमार्फत अ‍ॅपवर चढवली, ती वार्षिक शुल्क घेते का, हे पाहावे. काही कंपन्या शुल्क थांबले की गाणी उतरवतात आणि घरच्यांना ते कळतही नाही.

आणि हे सगळे करायचे तर मोबाईल उघडला पाहिजे. अनेक घरांचे घोडे इथेच अडते. पोरगा गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. गूगलच्या खात्यात अशी सोय आहे, की ठरवलेल्या मुदतीत, म्हणजे ३ ते १८ महिन्यांत, खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसांना कळवले जाते आणि निवडलेली माहिती त्यांना मिळते. आयफोनमध्ये वारस म्हणून संपर्क नेमता येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही नामनिर्देशनाची तरतूद आहे. दहा मिनिटांचे काम आहे. मुलांनी ते करावे, आणि मोठ्यांनीही आपल्या खात्यांचे करावे. मृत्यूला वयाची अट नाही, हे आपण रोज नमाजे-जनाजात पाहतो.

फाइली जपताना केवळ तयार एमपीथ्री ठेवू नये. आवाज, ताल, वाद्ये यांच्या वेगवेगळ्या मूळ फाइली वेव्ह स्वरूपात असतील तर त्या दोन ठिकाणी उतरवून ठेवाव्यात. प्रत्येकीला तारीख, गाण्याचे नाव आणि साथीदारांची नावे द्यावीत. अर्धवट राहिलेले गाणे लगेच पूर्ण करून बाजारात आणण्याची घाई करू नये. त्याला ते तसे आवडले असते का, हे जवळच्या मित्राला विचारावे. आता यंत्राकडून मेलेल्या माणसाच्या आवाजात नवे गाणे म्हणवून घेता येते. ज्याने होकार दिलेला नाही, त्याच्या तोंडी शब्द घालणे ही अमानतीत खयानत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी एक गोष्ट आईवडिलांसाठी. मुलगा हयात असताना त्याच्या खोलीचे दार कधीतरी वाजवा आणि म्हणा, 'बेटा, काय केलंस ते ऐकव बघू.' पटले नाही तर तसे सांगा, समजवा. पण आधी ऐका. त्याच्यामागे ऐकायची वेळ कुणावर न येवो. आली, तर निदान तो आवाज आपल्याला अनोळखी वाटू नये. अल्लाह आपल्या लेकरांना दीर्घायुष्य देवो, आणि जी लवकर गेली त्यांची मगफिरत करो. आमीन.