माहेर या शब्दाचे आपण काय केले?

गरिबांची सेवा करणाऱ्या कॅथलिक धर्मभगिनींविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते वाचताना आम्हांला नेहमी एक शंका येते. लेखकाने या बाईकडे खरोखर पाहिले आहे, की पाहावे लागू नये म्हणूनच तिच्याभोवती तेजोवलय काढले आहे? 'त्यागमूर्ती', 'करुणेचा सागर', 'दीनांची माउली' हे शब्द एकदा कागदावर उतरले की लेखक मोकळा होतो आणि वाचकही. मूर्तीला नमस्कार करता येतो, तिच्याशी वाद घालता येत नाही. मुख्य म्हणजे मूर्ती आपल्याला काही विचारीत नाही.

आम्ही दोघे महाड-पोलादपूरच्या बाजूला मराठी शिकवतो. हा मुलूख चरित्रांचा आहे. उमरठ ही तानाजींची भूमी, आणि शिवाजी महाराजांचे चरित्र संस्कृत काव्यात गुंफणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात. गौरव कसा करावा हे आम्हांला शिकवावे लागत नाही. पण याच मुलखात, महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी गौरवाहून वेगळी एक गोष्ट घडली. तिथे माणसांनी प्रश्न विचारला, आणि तो ओंजळीने विचारला. धर्मभगिनीचे आयुष्य वाचताना यांपैकी कोणता वारसा आपण वापरतो, एवढाच आमचा मुद्दा आहे.

प्रथम मदर तेरेसांचे उदाहरण घेऊ, कारण मराठी वाचकाच्या मनात 'नन' म्हणजे त्याच. १९५० साली त्यांनी मिशनरीज ऑफ चॅरिटीची स्थापना केली, १९७९ साली त्यांना नोबेल मिळाले, २०१६ साली चर्चने त्यांना संत घोषित केले. या पायऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. मात्र २००७ साली त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि ही बाई कित्येक दशके ईश्वराच्या अनुपस्थितीच्या अनुभवात जगत होती, हे जगाला कळले. चरित्रकाराला याहून मोठे आव्हान कोणते असेल? आतून अंधार असताना रोज पहाटे उठून मरणासन्न माणसाचे अंग पुसणे, हा श्रद्धेचा प्रश्न आहे की संकल्पाचा? आमच्या वाचनात आलेल्या मराठी लेखांनी या प्रश्नाला हातही लावला नाही. त्यांच्या टीकाकारांनी वैद्यकीय सोयींविषयी, देणग्यांविषयी जे प्रश्न उभे केले, त्यांचेही तेच झाले. भक्तांनी ते ऐकले नाहीत आणि विरोधकांनी ते फक्त दगडासारखे भिरकावले. बाई दोन्हीकडून निसटली.

पण कोलकात्याला कशाला जायचे? केरळातील कन्नूर जिल्ह्यातल्या कोळयाड गावी १९५६ साली जन्मलेल्या सिस्टर लुसी कुरियन पुण्यात काम करीत होत्या. १९९१ साली एक गरोदर स्त्री त्यांच्याकडे आली. नवरा मारील अशी तिला भीती होती आणि तिला आसरा हवा होता. सिस्टर लुसींच्या हाती तेव्हा स्वतःचे घर नव्हते, आणि परवानगीवाचून कोणाला ठेवून घेण्याची मुभाही नव्हती. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती गेली, पोटातले मूलही गेले.

या प्रसंगाविषयी सिस्टर लुसी स्वतःच जाहीरपणे बोलत आल्या आहेत, आणि आमच्या मते त्यांच्या चरित्राचा खरा आरंभ इथे आहे. जन्मगावात नव्हे, व्रतबंधनाच्या दिवशी नव्हे, ८ मार्च २०१६ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते मिळालेल्या नारीशक्ती पुरस्कारातही नव्हे. एका 'उद्या'त आहे. गौरवलेखनाला नेमका हाच प्रसंग अडचणीचा होतो. मग तो 'साक्षात्कार' म्हणून रंगवला जातो, म्हणजे मेलेल्या बाईचे काम एवढेच, की तिने एका संताला जागे करावे. ही मांडणी आम्हांला निर्घृण वाटते. ती बाई कोणाच्या जागृतीसाठी जन्मली नव्हती. तिला त्या रात्री एक खोली हवी होती.

पुढे फादर फ्रान्सिस डिसा यांच्यासारख्या जेझुइट विचारवंताचे पाठबळ मिळाले, तरी खोली उभी राहायला १९९७ साल उजाडले. वढू बुद्रुक म्हटले की आपल्याला संभाजी महाराजांची समाधी आठवते. त्याच गावात २ फेब्रुवारी १९९७ रोजी ते घर सुरू झाले. त्या एका घराची पुढे अनेक घरे झाली, महाराष्ट्राबाहेर केरळ-झारखंडातही. तिथे मारहाणीतून सुटलेल्या स्त्रिया येतात, अनाथ मुले येतात, रस्त्यावर भ्रमिष्टावस्थेत फिरणाऱ्या बायका येतात. जात आणि धर्म न विचारता राहायचे, हा तिथला नियम. आणि त्या घराचे नाव 'माहेर'.

मराठीच्या अध्यापकांनी इथे थांबले पाहिजे. मातृभाषा मल्याळम असलेल्या एका धर्मभगिनीने आपल्या भाषेतला सर्वांत ओलसर शब्द उचलला आणि तो शब्दशः घेतला. माहेर म्हणजे जिथे परत जाता येते ते घर. बस, एवढेच. आपण या शब्दाचे काय केले? जात्यावरच्या ओव्यांत माहेर आहे, पंढरीला माहेर म्हणणाऱ्या वारकरी परंपरेत माहेर आहे. आम्ही वर्षानुवर्षे ते शिकवले. वर्गात आवाज थोडा जड केला, 'स्त्रीमनाची हळवी ओढ' असे फळ्यावर लिहिले आणि गुण दिले. पण ओवीतली ती बाई माहेराची एवढी आस धरते ती का, हे आम्ही विचारले नाही. माहेर जर खरोखर उघडे असते, तर ते इतके गावे लागले असते का? चार दिवसांसाठी, सणापुरते, बाळंतपणापुरते उघडणारे आणि एरवी 'लग्न झालेली मुलगी सासरीच बरी' म्हणून बंद होणारे दार म्हणजे मराठी माहेर. ओव्यांतले दुःख आम्ही सौंदर्य म्हणून वाचले, तक्रार म्हणून वाचले नाही.

हे आम्ही दुसऱ्यांवर ढकलीत नाही. काही वर्षांपूर्वी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली विद्यार्थिनी आमच्या वर्गात होती. लग्न झालेली, तरी बी. ए. पुरे करण्याचा हट्ट धरलेली. माहेरच्या ओव्यांचा तास संपल्यावर ती दाराशी थांबली. "मॅडम, मला चार दिवस घरी जायचं नाहीये. मुलींच्या वसतिगृहात राहता येईल का?" कारण आम्ही विचारले नाही. मनगटावरची खूण दिसत होती, म्हणूनच कदाचित विचारले नाही. "अर्ज लिहून आण, उद्या बघू," असे आम्ही म्हणालो. ती बरं म्हणाली. नंतर ती आली नाही. महिनाभराने हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल रेघ ओढताना आम्हां दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही. सिस्टर लुसींची हकीगत आम्ही वाचली ती यानंतर. त्यांच्या 'उद्या'नंतर सहा वर्षांनी एक घर उभे राहिले. आमच्या 'उद्या'नंतर पुढच्या वर्षीचे तासाचे टिपण तयार झाले.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. धर्मभगिनी म्हटले की 'यामागे धर्मांतर असणार' असे म्हणणारे अनेक सुशिक्षित लोक आहेत, आणि त्यांत मराठीचे पदवीधर कमी नाहीत. हा संशय नवा नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढे ते पुण्यास नेले. १८९३ साली त्यावर गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातील मान्यवर बाहेर पडले. संशयाला काहीच आधार नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या आणि आपली प्रार्थना दाराआड करीत नव्हत्या. पण काढून नेलेल्या विधवा मुली कुठे गेल्या? संशयाला एकच प्रामाणिक उत्तर असते, आणि ते धोंडो केशव कर्वे यांनी दिले. त्यांनी शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ साली विवाह केला आणि १८९६ साली विधवांसाठी स्वतः आश्रम काढला. ज्यांना धर्मभगिनीचे घर खटकते, त्यांनी आपले घर उघडावे. नुसता संशय हा फार स्वस्त धर्माभिमान आहे.

गौरव आणि संशय यांच्या पलीकडचे लेखन शक्य आहे, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काम करणाऱ्या वाँटेजच्या धर्मभगिनींमुळे रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन होत्या. मात्र आज्ञापालनाचे व्रत त्यांच्याही गळ्यात होते, आणि रमाबाईंनी ते आपल्या गळ्यात घालून घेण्यास साफ नकार दिला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडाखाली का जावे, हा त्यांचा प्रश्न होता. तो पत्रव्यवहार कडवट आहे, प्रेमळ आहे, दोन्हीकडून जखमी आहे. आणि तो जपून संकलित कोणी केला? स्वतः सिस्टर जेराल्डिन यांनी. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आपले ऐकले नाही अशा शिष्येची पत्रे आपल्या पत्रांशेजारी ठेवणारी ही धर्मभगिनी आम्हांला कुठल्याही तेजोवलयापेक्षा मोठी वाटते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हेही असेच लेखन. तिथे श्रद्धा आहे, पण कोणाचीच आरती नाही, स्वतःची तर नाहीच.

शेवटचा आक्षेप आमच्याच गावातून येईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. महाडने भीक मागितली नाही, हक्क मागितला. मग 'सेवा' या शब्दाला इथे काय जागा? सेवा घेणारा खालीच राहतो आणि देणारा वर. हे खरे आहे. पण महाडचा इतिहास नीट वाचावा. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागदावर हक्क होता, पण पाण्यापर्यंत कोणी पोचू शकत नव्हते. १९२७ साली बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत गेली तेव्हा कागदाचे पाणी झाले, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. आज कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. सासरच्या घरात राहण्याचा हक्क त्यात आहे, संरक्षण अधिकारी आहे, आश्रयगृहाची तरतूद आहे. पण शेवटची एस. टी. गेल्यावर वाडीतून उतरलेल्या बाईला त्या रात्री कोणत्या दारावर थाप मारायची? ठराव आणि ओंजळ यांमध्ये जे अंतर होते, तेच कायदा आणि उघडे दार यांमध्ये आहे. ते अंतर चालून जाणाऱ्या बाईच्या कामाला 'दया' म्हणणे चूक आहे. आणि त्या कामापाशीच थांबून हक्काचा विसर पडू देणे हीही चूकच.

आमच्या तालुक्यांना कोसळणे ठाऊक आहे. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव कोसळले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये कोसळले, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी कोसळली. तेव्हा कोणीही 'उद्या या' म्हणाले नाही. शाळा उघडल्या, देवळे उघडली, चुली पेटल्या. कोणाची जात, कोणाचा धर्म हा प्रश्न त्या चिखलात निरर्थक होता. म्हणजे दार कसे उघडावे हे आपल्याला येते. फक्त एका घरात एक बाई रोज थोडीथोडी कोसळत असते, तेव्हा तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, किंवा ऐकूनही आपण त्याला खासगी म्हणतो.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि आमच्यासारख्या शिक्षकांना आमचे सांगणे आहे. धर्मभगिनींची चरित्रे जरूर लिहा, पण त्यांत त्यांचा 'उद्या' लिहा, त्यांचा अंधार लिहा, त्यांची भांडणे लिहा. त्यांच्या दारी आलेल्या बाईला निमित्तमात्र करू नका. आणि माहेरच्या ओव्या शिकवाल तेव्हा तास संपताच खडू ठेवून निघून जाऊ नका. दाराशी कोण थांबले आहे, ते आधी पाहा.