डोंगर वाचायला कोण शिकवणार?

परवा मावसभाऊ जॉर्डनहून आला. मृत समुद्राच्या खचदरीत आठ दिवस नुसता चालत होता म्हणे, आणि तेही वाळवंटात! फोटो दाखवताना गडी थकेना. दर कड्यापाशी वाटाड्या थांबायचा आणि थरावर बोट ठेवून सांगायचा, हा जुन्या समुद्राचा तळ, ही वाऱ्यानं आणलेली वाळू, इथं जमीन सरकली. शेवटी हा म्हणतो, "दादा, आपल्याकडं असलं काही नाही रे!"

ते काही मला पचलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही साताऱ्याचे. लहानपणापासून अजिंक्यताऱ्यावर चढतोय. कुठला बुरूज, कुठला दरवाजा, सगळं पाठ. पण पायाखालचा दगड कुठून आला, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात ना? ते लाव्हाचे थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही स्वीडिशमधल्या पायरीवरून आला. घाटात रस्ता कापलेला असतो तिथं दोन काळ्या थरांमध्ये कधी तांबडा पट्टा दिसतो. तो पहिल्या थरावर तयार झालेल्या मातीसारख्या भुग्याचा, वरून आलेल्या लाव्हानं भाजून निघालेला. काळ्या कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी त्याच्यापाशी अडतं आणि आडवं बाहेर पडतं. डोंगरातले कितीतरी झरे असेच.

आता नुसतं पश्चिमेकडून पूर्वेकडं चाला. कासला माथ्यावर जांभा, त्यावर वीतभर माती, म्हणून तिथं झाडांऐवजी इवली इवली फुलं. माणदेशात काळा खडक तोच, पण पाऊस नाही. महाबळेश्वरचा पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हसवडचा शेकड्यांत. आमचं वाळवंट म्हणाल तर हेच! आणि सांगली, म्हणजे सौभाग्यवतींचं माहेर. तिथं याच खडकाची काळी माती झाली आणि कृष्णेनं गाळ आणला. हरिपूरला सासऱ्यांनी जमिनीतली हळदीची पेवं दाखवली होती. हळद वर्षानुवर्षं टिकवणारी ही माती, पण २००५ च्या पुरात कितीतरी पेवं गेली.

हे नुसतं मौजेसाठी नाही, मंडळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई पाटणला होती, नऊ वर्षांची. पुढं कित्येक रात्री सगळं घर अंगणात झोपलं. जमीन का हलली, हे तिला कुणी समजावलं नाही. आज कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलं, तर सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा खडक संपला आणि त्याच्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. ही गोष्ट पाटणच्या किती मुलांना ठाऊक असेल?

आणि जुलै २०२१. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. रात्रीत डोंगर घरांवर आला.

खडकांची ओळख असती तर ते टळलं असतं, असं म्हणायचा उद्धटपणा मी करणार नाही. तसा पाऊस कोसळला की माणसाचं काही चालत नाही. पण उतारावर नवी भेग पडली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं कलली, तर ते 'बघण्याची' सवय चालता चालताच लागते. पुस्तकातून नाही लागत.

म्हणून म्हणतो, सातारा-सांगलीतल्या प्रत्येक शाळेनं वर्षातून एक दिवस मुलांना भूगोलाच्या तासाऐवजी डोंगरावर न्यावं, सोबत खडक जाणणारा माणूस घ्यावा. खर्च काय, तर एसटीचं भाडं आणि भाकरी. आमच्या ट्रेकिंगवाल्यांनीही गड 'सर' करण्याची घाई जरा कमी करावी. मीसुद्धा त्यातलाच, हे कबूल.

असो. येत्या रविवारी मावसभावाला घेऊन यवतेश्वरावरून कासकडं चालत निघतोय. या वेळी थरावर बोट मी ठेवणार आहे. कुणाला यायचं असेल तर कळवा. भाकरी आपापली आणायची!